जत्रेच्या दुसऱ्या दिवसाचा हुकूमनामा

गुरुवार, आठ जानेवारी. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी विमला कांदळकर गुळाचा पाक दोन बोटांत धरून तार बघत होती. तार आली की कढई उतरवायची, आल्याचा रस घालायचा, तळलेल्या बेसनाच्या कांड्या त्यात ओतायच्या आणि पाक सुकून कांड्यांवर पांढरट बसेपर्यंत उलथण्याने हलवत राहायचं. त्याचे खाजे होतात. सिंधुदुर्गात जत्रेला गेलेला माणूस खाज्याची पुडी न घेता घरी परतत नाही, आणि गेली तीस वर्षं त्यातल्या बऱ्याच पुड्या विमलाच्या हातच्या असतात. मालवणात भरड भागाच्या मागे दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत ती राहते आणि मागच्या खोलीत खाजे होतात.

वय चोपन्न. हात असा चालतो की बघणाऱ्याला दम लागावा. त्या दिवशी तो नेहमीपेक्षाही जलद चालत होता, कारण उद्या शुक्रवारी तिचं लग्न होतं. किंवा नव्हतं.

अडचण एका कागदाची होती.

लग्न ठरलं होतं धामापूरच्या अप्पा गुरुजींशी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, वय एकसष्ट, विधुर. त्यांची ओळख खाज्याच्या दुकानावरचीच. बायको असताना ते दर जत्रेला पाव किलो खाजे न्यायचे. बायको गेल्यावरही नेत राहिले. दोन वर्षांपूर्वी विमलाने विचारलं, "गुरुजी, घरात एकटेच तुमी. पाव किलो कोण खाता?" गुरुजी म्हणाले, "कोण नाय." गुरुजींच्या घरी खाज्याचे अकरा डबे भरून ठेवलेले आहेत, हे तिला नंतर कळलं. मग बोलणं वाढलं. मागच्या वर्षी ऐन जत्रेच्या गर्दीत गुरुजींनी विचारलं, "ते डबे संपवूक कोण तरी व्हया. येशात?" विमलाने समोरच्या गिऱ्हाइकाची पुडी बांधली, गाठ मारली आणि म्हटलं, "आधी हे गिऱ्हाईक जाऊ दे."

दहा ऑक्टोबरला दोघांनी विवाह अधिकाऱ्यांकडे नोंदणी विवाहाची नोटीस दिली. नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर तीस दिवस लागली आणि अख्ख्या बाजाराने वाचली. कोणी फोटो काढून पाठवला. मासळीवाली म्हणाली, "गो विमल, नवऱ्याचा वय वाचलंय. दात आसत मा?" विमला हसली, पण त्या महिन्यात ती मासळी बाजारात फक्त दोनदा गेली.

नोटीस तीन महिने चालते. दहा जानेवारीला शनिवार, कार्यालय बंद. म्हणजे शेवटचा दिवस शुक्रवार नऊ. त्याच्या आत विमलाच्या पहिल्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल हजर करायची. नाही झाली, तर नोटीस बाद आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"परत त्या फळ्यार मी टांगून घेऊची नाय," विमलाने गुरुजींना सोमवारीच स्पष्ट सांगितलं होतं. "एकदा झाला तां झाला. शुक्रवारी जमला तर जमला, नायतर देवीन डावो कौल दिल्यान असा समजतलंय. तुमचे डबे तुमी संपवा."

विमला एकदा बोलली की बोलली, हे गुरुजींना ठाऊक होतं. तिच्या खाज्याचा भावही कधी कोणाला कमी झालेला नाही.

तिचा मूळ कागद कुठे गेला, ते तिला पक्कं ठाऊक होतं. पहिलं लग्न एक्क्याण्णव सालचं. नवरा मुंबईत होता आणि तिथे त्याचा दुसरा संसार होता. भांडण-तंटा न होता दोघांच्या संमतीने काडीमोड झाला. हुकूमनाम्याची नक्कल हातात आली त्या संध्याकाळी विमलाने ती न्हाणीच्या चुलीत घातली. "चार पानां होती. पाणी बरां तापला," ती सांगते.

नव्या नकलेसाठी कोर्टात अर्ज करायचा तर प्रकरणाचा क्रमांक हवा. तो नाही, तर निकालाची तारीख हवी. विमलाच्या डोक्यात तारखा नसतात, जत्रा असतात. भाऊ वारला तो अमक्या जत्रेच्या आदल्या सोमवारी, गॅसची शेगडी आली ती तमक्या जत्रेच्या वर्षी. काडीमोड कधी झाला? "पंच्याण्णवच्या हंगामात. माझ्या माहेरच्या, नेरवण्याच्या सातेरीच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी. त्या जत्रेत मी पयल्यांदा खाजे घेवन बसलंय. रात्रभर खाजे इकले नि सकाळी कोर्टात उभी रवलंय."

गुरुजींनी याची तारीख काढली. नेरवण्याची जत्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला असते. जुनं पंचांग पाहिलं, तर पौर्णिमा सहा डिसेंबरला. म्हणजे निकाल सात डिसेंबर एकोणीसशे पंच्याण्णवचा. गुरुजींनी अर्जात ही तारीख स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिली आणि खाली रेघही ओढली. पाच जानेवारीला कोर्टाचं उत्तर आलं : या तारखेस, तसेच सन १९९५ मध्ये, असे प्रकरण निकाली निघाल्याची नोंद आढळत नाही.

"मगे चौऱ्याण्णव असतला," गुरुजी म्हणाले. "तुझाच एक वर्ष चुकता."

"माझा चुकणा नाय."

"पंचांगाचाही चुकत नाही."

दोघांचंही बरोबर आणि कागद मात्र नाही, अशा अवस्थेत गुरुवारी साडेनऊला दोघं गुरुजींच्या स्कूटरवरून कोर्टाला निघाली. विमलाच्या मांडीवर पिशवी, पिशवीत खाज्याच्या सहा पुड्या. रिकाम्या हाताने ती कुठेच जात नाही.

नक्कल विभागाची खिडकी साडेदहाला उघडते. ती दहा पस्तीसला उघडली. आत नीरजा मॅडम होत्या. वय तिशीचं, बदलून आलेल्या, बोलायला नेमक्या. चौऱ्याण्णव सालाचा शोध घ्यायचा अर्ज त्यांनी घेतला, वाचला आणि म्हणाल्या, "मावशी, ही निकालाची रजिस्टरं हाताने लिहिलेली आहेत. तारखेप्रमाणे आहेत, नावाप्रमाणे नाहीत. एक वर्ष म्हणजे दोन जाड वह्या. लवू बघेल, पण आज सापडेलच असं मी सांगणार नाही."

"लग्न उद्या आसा, मॅडम," गुरुजी म्हणाले.

"कोणाचं?"

"आमचं."

नीरजा मॅडमनी चष्मा वर केला. एकदा गुरुजींकडे पाहिलं, एकदा विमलाकडे. "पौषात?"

"नोंदणीला पौष नसतो," गुरुजी म्हणाले. हे वाक्य त्यांनी ऑक्टोबरपासून तयार ठेवलं होतं.

लवू हा अभिलेख कक्षाचा जुना शिपाई. लाल कापडात बांधलेली प्रकरणांची गाठोडी कुठल्या फळीवर कुठल्या सालची आहेत, हे त्याला पाठ. त्याने दोन वह्या काढल्या, खिडकीशेजारच्या बाकावर बसला आणि पानं उलटू लागला. विमला समोर उभी. बसायला सांगितलं तरी बसली नाही. गुरुजी अंगणात जाऊन आले, पुन्हा आत आले, पुन्हा बाहेर गेले. लवूने बोट थुंकीला लावलं की विमला पुढे वाकायची आणि पान उलटलं की मागे व्हायची.

बारा पन्नासला दुसरी वही संपली.

"नाय गो, विमलाक्का," लवू म्हणाला. "चौऱ्याण्णवात तू नाय."

गुरुजींनी टोपी काढून पुन्हा घातली. विमलाने पिशवीतून एक पुडी काढून लवूच्या हातावर ठेवली. कागद मिळाला नाही म्हणून खाजे परत न्यायचे, हे तिच्या व्यापारात बसत नव्हतं.

लवूने एक कांडी तोंडात टाकली. कुरकुर चावली. "बरो झालोसा खाजो. पण दोन तास माका थांबवून धरलंस तू. जेवूक पण गेलंय नाय."

विमला एकदम ताठ झाली.

"काय म्हटलंस?"

"जेवूक गेलंय नाय म्हटलंय."

"त्येच्या आदी."

"थांबवून धरलंस म्हटलंय. रागावलंस?"

"गुरुजी!" विमला एवढ्या मोठ्याने ओरडली की खिडकीतून नीरजा मॅडमनी मान बाहेर काढली. "गुरुजी, हंय येवा! राजान म्हटला होता! राजान!"

"कुठला राजा?"

मग ती भराभर बोलू लागली. त्या जत्रेत, मध्यरात्र उलटून गेल्यावर, दशावतारातला राजा रंगमंचावरून उतरून थेट तिच्या टोपलीपाशी आला होता. डोक्यावर मुकुट, कमरेला तलवार, पोटात भूक. उभ्या उभ्या खाजे खात तो म्हणाला होता, "तुमच्या देवीन यंदा आमका म्हयनाभर थांबवून धरल्यान गो. आमच्या तारखांचो सगळो इस्कोट झालो." नेरवण्याच्या देवीच्या मानकऱ्यांच्या घरात त्या वर्षी कोणी तरी वारलं होतं. सगळ्या घराण्याला सुतक, मग ओटी कोण भरणार, पालखी कोण उचलणार? देवीला कौल लावला आणि जत्रा पुढे ढकलली. पहिल्यांदाच खाजे विकायला बसलेल्या चोवीस वर्षांच्या पोरीला कोर्टाच्या काळजीत ते ऐकू आलं होतं, पण ध्यानात राहिलं नव्हतं. पुढे तीस हंगाम झाले आणि त्यात ते बुडून गेलं.

"म्हणजे जत्रा पौर्णिमेला झालीच नाही," गुरुजी हळू म्हणाले.

"म्हणजे तुमचा पंचांग बरोबर," विमला म्हणाली, "पण देवी पंचांग बगणा नाय."

नीरजा मॅडम आता खिडकीतून पूर्ण पुढे वाकल्या होत्या. "मग कधी झाली? महिनाभर पुढे म्हणजे शहाण्णवचा जानेवारी. पण नक्की तारीख सांगा. साल बदललं, म्हणजे अर्ज नवा. तातडीच्या नकलेचे अर्ज मी दोनपर्यंतच घेते. आता एक वाजून पाच मिनिटं झालीत."

नेरवण्यात विमलाचं माहेर आता उरलेलं नाही. विचारायचं कोणाला? विमलाचा हात गुरुजींच्या फोनकडे गेला होता. राजाचंच नाव तिला ठाऊक होतं. तो राजा म्हणजे आरोंद्याचे भाई. आता पंचाहत्तरीला आलेले, गुडघ्यांनी मुकुट सोडायला लावलेला, पण कंपनी अजून त्यांचीच. दर हंगामात चाळीस-पन्नास जत्रांत त्यांचा रंगमंच आणि तिचं दुकान समोरासमोर असतं. आणि दशावतारी कंपनीचा मालक एक गोष्ट कधी टाकत नाही : कोणत्या रात्री कोणत्या गावात कोणतं नाटक झालं, त्याची वही. त्याच गावात पुढच्या वर्षी तेच नाटक लावलं, तर गावकरी तोंडावर सांगतात.

पहिली रिंग वाजून थांबली. दुसरी थांबली. चौथ्या वेळी भाईंची सून सुभद्रा फोनवर आली.

"मामंजी निजलेत गो. आज पहाटे इले."

"उठव त्यांका. सांग मालवणची खाजेवाली मरता हा."

"अगो आये!" पलीकडे पावलं धावली, दार आपटलं, आणि मग घोगरा आवाज आला. "कोण मराक लागला? विमल? अगो, तुज्या नोटिशीचो फोटो आमच्या कंपनीत सगळ्यांनी बगितलो. लग्न कधी?"

"उद्या. तुमच्या वहीर आसा. भाई, पंच्याण्णवचो हंगाम. नेरवणा. तुमी राजा होतात आणि देवीन तुमका थांबवून धरल्यान होता."

मग भाई म्हणाले, "थांबवून धरल्यान! म्हयनाभर! माझे दोन गाव हुकले त्या पायी! फोन ठेव. ट्रंक काढतंय."

एक वाजून बावीस. कोर्टाच्या अंगणात गुरुजी आणि विमला आंब्याखाली उभी होती. लवू जेवायला गेला नाही, तो बाकावर बसून राहिला. नीरजा मॅडमचा डबा उघडा होता आणि त्या जेवत नव्हत्या. एक बत्तीस. गुरुजींनी फोन पुसला. एक एक्केचाळीसला सुभद्राचा निरोप आला : ट्रंक पोटमाळ्यावरून उतरली, कुलूप गंजलेलं, मामंजी हातोडी मागतात.

एक सत्तेचाळीसला गुरुजींच्या फोनवर फोटो आला. जुन्या पडद्याच्या कापडावर उघडी ठेवलेली वही, जांभळी शाई, पानाच्या कडेला भाईंचा अंगठा. सहा डिसेंबरच्या समोर 'नेरवणे' लिहून खोडलेलं आणि शेजारी एकच शब्द : सुतक. खाली, बऱ्याच ओळींनंतर, दहा जानेवारीच्या समोर पुन्हा नेरवणे.

"दहा," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात हजेरी घेतानाच्या आवाजासारखा निघाला. "दुसरा दिवस अकरा. अकरा जानेवारी शहाण्णव. वार गुरुवार. कोर्ट चालू."

नवा अर्ज गुरुजींनी उभ्या उभ्या भिंतीवर टेकवून लिहिला. या वेळी तारखेखाली रेघ ओढली नाही. एक वाजून चोपन्न मिनिटांनी तो खिडकीतून आत गेला, कोर्ट फीची तिकिटं चिकटवलेला.

लवूने शहाण्णवची वही आणली आणि सरळ जानेवारी उघडला. दोन पानं. तीन पानं. मग त्याचं बोट थांबलं.

"विमला," तो वाचू लागला, "विमला धोंडू..."

"व्हय! व्हय, तीच मी!"

"विवाह अर्ज क्रमांक एकेचाळीस, सन चौऱ्याण्णव. निकाल अकरा एक शहाण्णव. संमतीने मंजूर." लवूने वही मिटली, बगलेत मारली आणि आत पळाला. या माणसाला कोर्टात पळताना कोणी पाहिलं नव्हतं. वरच्या साहेबांनी दार उघडून बघितलं.

गाठोडं दोन चाळीसला फळीवरून खाली आलं. लाल कापडाचा रंग उडून विटकरी झाला होता, गाठ सुटता सुटेना. आत फाइल शाबूत होती. त्या गाठोड्याच्या वरच्या थराला कसर लागली होती, पण एकेचाळीस नंबर मधोमध असल्याने वाचला होता. साहेबांनी तातडीच्या अर्जावर सही केली.

पण नक्कल म्हणजे नुसती झेरॉक्स नव्हे. उतरवलेल्या कागदाची मुळाशी रुजुवात घ्यावी लागते. एकाने मूळ मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून तपासायचं. चार वाजता नीरजा मॅडम वाचू लागल्या आणि दुसरा कारकून बोट ठेवू लागला. खिडकी उघडी होती.

"अर्जदार क्रमांक दोन, वय वर्षे तेवीस, धंदा घरकाम..."

"बरोबर."

"उभयता एकमेकांपासून दोन वर्षांहून अधिक काळ विभक्त राहत असून..."

"बरोबर."

"त्यांच्यातील विवाहसंबंध आज रोजीपासून संपुष्टात आले असून..."

"बरोबर."

विमला अंगणातून ऐकत होती. तीस वर्षांपूर्वी हे शब्द तिने घाबरून ऐकले होते, निम्मे कळलेही नव्हते. आता प्रत्येक ओळीनंतर एक अनोळखी माणूस 'बरोबर' म्हणत होता. तिने गुरुजींच्या कोपराला ढोसलं.

"धंदा घरकाम म्हणता! त्या दिवशी सकाळी मी नेरवण्याच्या जत्रेत दहा शेर खाजे इकून इललंय."

"उद्याच्या अर्जात बरोबर लिहू," गुरुजी म्हणाले.

"तुमी ल्हिवा नको. तारखा-बिरखा तुमी ल्हिवा नकोच. मी ल्हितलंय."

पाच वाजून बावीस मिनिटांनी शिक्का बसला. मागच्या बाजूला अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख, तिन्ही आठ जानेवारी. नीरजा मॅडमनी कागद विमलाच्या हाती दिला, पण आपल्या हातातून सोडला नाही.

"मावशी, हा तरी चुलीत घालू नका."

"आता गॅस आसा," विमला म्हणाली आणि पाचही उरलेल्या पुड्या खिडकीतून आत सरकवल्या. मॅडम म्हणाल्या, ऑफिसात काही घेता येत नाही. विमला म्हणाली, "मगे लवूक दिलय ती परत घेव?" लवूने आपली पुडी खिशात घातली. शेवटी साहेब बाहेर आले, एक पुडी फोडून सगळ्यांमध्ये वाटायला लावली आणि चार परत पाठवल्या. त्या चार पुड्यांतली एक मासळीवालीला गेली. "नवऱ्याक दात आसत," विमलाने देताना सांगितलं.

संध्याकाळी सातला भाईंचा फोन आला. लग्नाला साक्षीदार तीन लागतात, तिसरा कोण, असं त्यांनी विचारलं. विमला म्हणाली, शेजारचे एक जण येतात.

"शेजाऱ्याक सांग घरात बस म्हणान. वही माझी, मुकुट माझो, नि सही दुसऱ्याची? मी येतंय. गुडघे घेवन येतंय."

विमलाने हुकूमनामा प्लास्टिकच्या पिशवीत घालून डाळीच्या डब्यावर ठेवला, वाळवीपासून आणि स्वतःपासूनही लांब. मग उद्याचा गूळ चिरायला बसली. नोंदणीची वेळ साडेअकराची आहे आणि आरोंद्याहून निघालेल्या भाईंना वाटेत घ्यायचं म्हणून नऊला निघायचं आहे. पण शनिवारी रात्री जत्रा आहे, आणि खाजे आदल्या दिवशी झाले नाहीत तर सुकत नाहीत. त्यामुळे उद्या शुक्रवारीही पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी ती पाकाची तारच बघत असेल. गूळ तेवढा नेहमीच्या आठऐवजी पाच किलो.